माग बंद असताना

आमच्या बेळगावात, वडगावच्या चौथ्या गल्लीत,
घर म्हणजे चार माग आणि उरलेल्या जागेत आम्ही.
धडाड्-खट्, धडाड्-खट्, सकाळी सातपासनं.
इथं कुणी कुणाला हाक मारत नाही,
खांद्याला हात लावतात,
नाहीतर ओठ रुंद करून बोलतात.
मराठी काय, कन्नड काय,
ओठांवरनं सगळं कळतं.

म्हणूनच कळलं नाही.

शाकंबरी, पाच वर्षांची,
तोंड उघडं टाकून झोपायची,
घोरायची एखाद्या थकल्या पैलवानासारखी.
आम्ही हसायचो.
कान दुखला की प्रेमला
लसूण कडवून तेल सोडायची, कोमट.
माझ्याही कानात असंच सोडलेलं कुणीतरी.

कुलगुडे बाई म्हणाल्या, पोरगी मठ्ठ नाही हो,
मी फळ्याकडं वळले की हरवते,
हिच्याकडं वळले की सापडते.
कान दाखवा.

सोमवारी माग बंद. सोमवारी गेलो.
डॉक्टर अंगडींनी कपाळावरचा दिवा लावला,
नाकात बारीक नळी घातली, शाकू किंचाळली.
नाकामागं मांस वाढलंय, म्हणाले,
त्यामुळं पडद्याआड पाणी साठलंय, घट्ट, चिकट.
मी विचारलं, सुताला लावतो त्या खळीसारखं?
हौदु, हौदु, म्हणाले, खळीसारखंच.
आणि ते तेल बंद करा आधी.

मग काचेची खोली.
कानांवर हेडफोन, पुढ्यात वाटी, मुठीत मणी.
आवाज आला की एक मणी टाकायचा.
मी बाहेरनं तिचा हात बघत होतो.
हात हवेत. मणी हातात.
मशीनवरची मुलगी आवाज वाढवत गेली,
वाढवत गेली,
आणि कितीतरी वेळानं वाटीत एक मणी पडला.
काचेमुळं तोही ऐकू आला नाही.

धोटा अडकला तर
डोळ्यांच्या आधी माझे कान सांगतात मला.
पोरीचं काही बोलले नव्हते.

मांस काढलं. पडद्यात नळी बसवली,
राळ्याच्या दाण्याएवढी.
आता अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस,
आणि नाक शिंकरायचं एकेक बाजू धरून, हळू.
झोपते तोंड मिटून, इतकी गप्प
की पहिल्या रात्री प्रेमला तीनदा उठली
नाकाखाली बोट धरायला.

चार दिवसांनी माग सुरू केले
तर शाकूनं दोन्ही कान गच्च धरले.
पप्पा, हे एवढं मोठं कधीपासनं?

काय सांगू.
तू पोटात होतीस तेव्हापासनं, म्हटलं.
आता ती मागच्या पडवीत बसते, शेजारच्यांच्या कोंबड्यांत,
आणि मालकाला विचारायचंय मला
एक माग कमी केला तर चालेल का.

काल रात्री सगळं बंद करून
मी कांड्या मोजत बसलेलो.
पाठीमागनं ती काहीतरी बोलली असणार.
मी हो म्हटलं, नेहमीसारखं.
ती उठून आली,
माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं,
आणि ओठ रुंद करून, सावकाश म्हणाली,
पप्पा, हो नाही.
विचारत होते,
पाल कुठं बोलली?