चौकट

गल्ली नंबर चारमध्ये, पिठाच्या गिरणीवर
आमची खोली. दर रविवारी तीन ते सात.
खाली दळण, वर आम्ही.
पिठाचा एक थर नकाशावरही बसतो,
त्याला आम्ही हिमप्रदेश म्हणतो.

पुरवणीवाले आले तेव्हा लाइट होती,
बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
फोटोग्राफरने खिडकीला चादर लावली
आणि मेणबत्त्या मागवल्या.
"थोडं गूढ वाटलं पाहिजे," म्हणाला.
भामरेच्या खांद्यावर त्याने
गिरणीवाल्यांच्या सोफ्याचं मखमली कव्हर टाकलं,
वीस बाजूंचा फासा डोळ्याजवळ धरायला लावला.
भामरेला तेव्हापासून सगळे महाराज म्हणतात.

बातमीदार मुलगी चांगली होती. तिने विचारलं,
यात जिंकतं कोण?
कोणीच नाही, मी म्हणालो.
तिचं पेन थांबलं.
मग हरतं कोण?
निखत म्हणाली, बहुतेक वेळा भामरे.
हे तिने लिहून घेतलं नाही.

मी सांगत होतो,
मागच्या महिन्यात पुलाखालचा खवीस
आम्हाला मारायचा होता,
पण निखतने त्याला विचारलं, काम करशील का?
तिच्या अब्बांचे बारा माग आहेत,
माणूस कसा पारखायचा ते तिला ठाऊक.
तेव्हापासून तो आमच्यात आहे,
रात्रपाळी करतो, उचल मागतो,
आणि त्याच्या आईच्या औषधापायी
एक अख्खा खजिना आम्ही तसाच सोडून आलो.
"याचा फोटो आहे?" तिने विचारलं.

शनिवारी छापून आलं:
विदेशी खेळाची धुळेकर तरुणाईला भुरळ.
खाली कुणा तज्ज्ञाचं मत, अतिरेक टाळावा.
बाजूला चौकट, नवशिक्यांसाठी:
अभिनयाची आवड. अफाट कल्पनाशक्ती. पोशाख.
इंग्रजीवर प्रभुत्व. महागडे फासे.
दोरीचा उल्लेख कुठेच नाही,
त्या दोरीचा, जी किती फूट आहे यावर
आम्ही पाऊण तास भांडलो होतो
आणि शेवटी खाली जाऊन
गिरणीचा पट्टा मोजून आलो होतो.
गप्प बसण्याचाही नाही.
चार तासांतला एक तास तर आम्ही
नुसता विचार करत बसतो, शेव खात.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही.
त्याच्या पुढच्या रविवारी जिना वाजला.
रमण बुधा अहिरराव, राहणार सोनगीर,
एसटीतून निवृत्त, वाहक.
हातात कात्रण, घडीवर तेलाचा डाग.
दाराच्या चौकटीत उभे राहिले, आत येईनात.
"भाऊ, मनाजोडे तो झगा नही शे.
इंग्रजी बी येत नही."

बसा म्हटलं. बसले.
कात्रण मांडीखाली सरकवलं,
जसं काही तेच आरक्षण.

मी सांगितलं, समोर गुहेचं दार.
दारात राक्षस, तीन माणसांएवढा, भाला रोखून.
नाना, तुम्ही काय करता?
भामरे फासा पुढे सरकवत होता,
नानांनी तो पाहिलाही नाही.
चौतीस वर्षांत हे दार
त्यांनी किती वेळा पाहिलं असेल,
शिरपूरच्या शेवटच्या गाडीचं,
माणसांनी लोंबकळलेलं.
त्यांनी कानामागची नसलेली पेन्सिल काढली,
मान वर केली, आणि न ओरडता म्हणाले,
"मांगे सरक भाऊ.
तुले कोठे जानं शे?"

राक्षसाचं काम माझ्याकडे असतं.
उत्तर मला द्यायचं होतं.
आणि खरं सांगतो, मला ठाऊक नव्हतं
तो इतकी वर्षं त्या दारात उभा राहून
कुठे निघाला होता.

मी नकाशावरचं पीठ फुंकलं,
थोडा वेळ मागून घेतला.