अनुक्रमांक एक्केचाळीस

एरंडोलच्या कचेरीत लाखेच्या शिक्क्याचं टपाल आलं:
बंदरावरलं खलाशांचं धर्मार्थ घर हलवायचं आहे,
जुनी जागा गोदीला लागते,
सबब नव्या इमारतीस प्रत्येक तालुक्यानं यथाशक्ती.
यथाशक्ती म्हणजे किती, ते मामलेदारांनी
माझ्याकडे न बघताच सांगितलं.

मी वही आखली.
हरकचंद शेठांनी पन्नास लिहिले, दिले तीस,
वीस कापूस तोलून झाल्यावर.
त्यांच्या गाठी त्याच जहाजांतून जातात.
चिंधू भावसारानं विचारलं, खलाशी कोण जातीचा?
म्हणालो, पाण्याचा.
निळीचे हात धोतराला पुसून
त्यानं आठ आणे काढले.

समुद्र आम्ही कुणीच पाहिलेला नाही.
मी तर दौतीपलीकडचं पाणी ओळखत नाही.

तापीच्या उतारावर उखर्डू भोयानं नाव लावली.
"हाई काय शे, आप्पा?"
सांगितलं. वल्हं थांबवून तो ऐकत राहिला,
नाव तेवढ्यात खाली वाहत गेली.
"किनारावर उनात का त्यासले झोप लागत नही व्हई.
जमीन हालत नही ना, म्हनीसन."
कनवटीचा एक आणा, ओला, मासळीच्या वासाचा.
लिहिलं: उखर्डू वल्द झगा, भोई.
खालची रेघ उगाच जाड आली.

पोच आली, छापील.
तीत नावं तीन. बाकीचे
"व इतर".

पुढल्या हिवाळ्यात पुलाचे खांब आले.
उताराची जागा ठेकेदाराला लागते,
सबब भोयांच्या अकरा झोपड्या टेकाडावर.
तो कागदही मीच लिहिला, त्याच दौतीतून.
त्यात यथाशक्ती हा शब्द
कुठंच बसत नव्हता.

उखर्डूनं नाव ओढत वर नेली,
बाभळीच्या चार मेढींवर उलटी टाकली,
खाली चूल मांडली.
वसुलीला गेलो तेव्हा पाहिलं,
वारा सुटला की छप्पर किंचित डुलतं,
आणि बुडाच्या भेगांतून
ऊन्ह त्याच्या भाकरीवर पडतं.

माझ्या काखेतली वही त्यानं ओळखली.
"त्यास्नं घर व्हयनं का, आप्पा?"

मला काय ठाऊक.
झालं, म्हणालो.
खिडक्या सगळ्या पाण्याच्या अंगाला आहेत.