नऊ दाती

कुपवाडच्या शेडमध्ये चौतीस वर्षं
हॉबिंग मशीनवर साखर कारखान्यांचे गिअर कापले.
एकेक दात तळहाताएवढा.
हलवायचा म्हणजे चेन-पुली, तीन माणसं
आणि गोंदकरची एक शिवी;
तिच्याशिवाय तो जागचा उठायचा नाही.

आता चष्म्यावर भिंग लावून चिमट्यात धरतो
पितळी पिनियन. वाटाण्याएवढं.
नऊ दात. मध्ये दोन मिलिमीटरचं भोक,
तेही नावाला दोन, खरं केसभर कमीच,
म्हणून तर शाफ्टला मिठी मारून बसतं.
शिंक आली तर रविवार गेला.

रविवार म्हणजे मिरज, दस्तगीर शिकलगारची माडी.
चार खोबणींचा प्लायवूडचा ट्रॅक, कडेनं तांब्याची पट्टी.
जिन्याजवळचं वळण जरा उतरतं,
तिथं सगळ्यांच्या गाड्या उडतात.
दवाखान्यातले दोन कंपाउंडर, भूल देणारे एक डॉक्टर,
एस.टी.चे निवृत्त कंडक्टर हणबर.
शर्यत सोडताना डबल बेल तेच देतात,
खरी घंटा, खरी दोरी, कुठल्या डेपोची ते विचारायचं नाही.

सगळे अकरा दाती लावतात. सरळ पट्टीवर सुसाट.
मी नऊवाला.
मागच्या धुरीवर सत्तावीसचं क्राउन,
नऊ त्रिक सत्तावीस, हिशेब तोंडपाठ.
सरळ पट्टीवर मागं पडतो, कबूल.
पण जिन्याच्या वळणावर बोट सोडलं की गाडी थबकते
आणि दाबलं की मांजरासारखी उठते.
"म्हातारपणाचा गिअर हाय ह्यो, लोंढेनाना," हणबर म्हणतात.
हाय.

पोलादाचं घ्या म्हणतात, टिकतं.
टिकतं; आणि समोरच्याला खातं.
पितळ स्वतः झिजतं.
दातांची टोकं ऊसतोडीच्या कोयत्यासारखी एकीकडे वाकतात,
गाडीच्या पोटात सोनेरी पीठ साठतं.
मग बदलायचं. पुलर लावून, सरळ, हळू.
हातोडी नाही.
हातोडीनं निघतं, पण शाफ्टच्या मनात राहतं.

नवी जोडी आधी टूथपेस्ट लावून फिरवतो, कमी व्होल्टवर,
मग रॉकेल आणि जुन्या ब्रशनं फटी धुतो,
तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकानं.
बायको म्हणते, स्वतःच्या तोंडाचं एवढं केलं असतंत
तर बत्तीस राहिले असते.
एकोणीस आहेत.

मागच्या महिन्यात बसवताना हात हलला.
पिनियन तिरकं गेलं, शाफ्टही जराशी कलली.
कुणाला बोललो नाही. बेअरिंग ओरडतंय म्हटलं.
दस्तगीरची नात नुजहत, पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष,
तिनं गाडी कानाशी धरली,
त्यांच्या घरात तार ऐकतात तशी,
आणि काही न बोलता
पुलर माझ्यापुढून उचलून स्वतःपुढं ठेवला.

तेव्हापासून तीच बसवते.
मी फक्त कागद सरकवतो,
तिच्या आज्याच्या विडीबंडलाचा, दातांच्या मधे.
फिरव, म्हणतो.
कागद चुरगळून बाहेर यावा. फाटून नाही.
चौतीस वर्षं फीलर गेज घातले, निळा रंग फासून डाग मोजले,
आणि अक्कल निघाली विडीच्या कागदात.

आज तिनं गाडी मुकाट खोबणीत ठेवली.
हातानं ढकलून बघितली. आवाज वेगळा.
वाईट नाही. वेगळा.
"किती दाती लावलंस?"
"मोजा की."
हणबरांचा हात दोरीकडं गेलाय.
गाडी उचलतो, उलटी करतो, भिंग लावतो.
नऊ.
परत मोजतो.
दहा.
टिंग टिंग.