रकाना क्रमांक चौदा

अर्जाच्या चौदाव्या रकान्यात विचारलंय :
पहिल्या दहा वर्षांत अंदाजे किती दफनं?
वर्षवार लिहा. अंदाजाचा आधार जोडा.

आधार म्हणजे ही माणसं,
शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्यांवर,
बास्केटबॉलच्या जाळीखाली,
टोप्या मांडीवर ठेवून.
बाहेर डाकोटाचा वारा पत्रे हलवून बघतोय.
मी मोजते. एकशे बारा.
मग बायका मोजते, कारण नियमाप्रमाणे त्याही.

केंद्र सरकार बांधकामाचे पैसे देईल :
फाटक, रस्ता, नळ, झेंड्याचा खांब.
जमीन राज्याने द्यायची
आणि गवत कायमचं राज्याने कापायचं.
या ‘कायमचं’पाशी दर अधिवेशनात घोडं पेंड खातं.
कायमचं म्हणजे किती,
असं अर्थसमितीने लेखी विचारलं होतं.
मी वीस वर्षांचा तक्ता जोडला.

जमीन मिळाली. ऑर्विल ब्रेक्केने दिली.
चाळीस एकर, गव्हाची, हमरस्त्याला लागून.
माती तपासणाऱ्यांनी सहा भोकं पाडली,
पाचव्यात सात फुटांवर पाणी लागलं.
मला तिथेच ठेवा, ऑर्विल म्हणाला,
मी नौदलात होतो.
अख्खं जिम हसलं.
इतिवृत्तात हे घेता येत नाही.

सगळ्यात जवळचं सैनिकी दफनस्थान दोनशे तीस मैलांवर.
लव्हॉन हॉगस्टॅड उठली, माइक नको म्हणाली.
तिचा नवरा तीन हिवाळे डब्यात आहे,
कपाटात, शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर.
‘व्हिएतनामला नेताना
मैल कुणी मोजले नव्हते.’
एवढंच. मग बसली, आणि पर्समध्ये
बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

मागच्या रांगेत एक दाढीवाला, माझ्याहून लहान,
इराकहून आलेला.
त्याने इतकंच विचारलं,
रात्री फाटकाला कुलूप असणार का?
माझ्याकडे नकाशा होता, उतार होता, निचरा होता.
कुलपाचं मला माहीत नव्हतं.

विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं.
पुढचं अधिवेशन दोन वर्षांनी.
दोन वर्षांत एकशे बारातले एकोणीस
आपापली साडेतीन हात जागा बघून झोपले :
चर्चच्या मागे, लेकीच्या गावी,
एक तर ओढ्याकाठी, कुणाला न विचारता.
त्यांना आता मागणीतून वजा करायचं.
मागणी घटली की गुण घटतात,
गुण घटले की यादीत खाली,
खाली गेलं की आणखी दोन वर्षं,
आणि वाट बघणारे कमी होत गेले
की कुणीतरी म्हणतं, बघा, गरजच नव्हती.

एकोणीस मी वजा केले. पेन्सिलने.
रबर हाताशी होतं.
रात्री साडेनऊला ऑफिसात कुणी नसतं.

‘शेरा’ नावाची एक चौकट असते शेवटी,
तिच्यात ‘निरंक’ लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं :
हॉगस्टॅड, एक, अजून फळीवर.
पाचव्या भोकाजवळची जागा एका खलाशासाठी.
फाटक रात्री उघडं ठेवावं.

ऑर्विल दर सोमवारी फोन करतो.
तब्येतीचं सांगत नाही, मी विचारत नाही.
काय झालं अर्जाचं, म्हणतो,
की यंदाही गहूच पेरू?
खिडकीतून बर्फ वितळताना दिसतं.
पेरा, मी म्हणते.
एक पीक निघेल अजून.