अर्धा सेकंद

ट्रिएस्टच्या बंदरामागे कॉफीचं गोदाम,
तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, तळघरात टेलिफोन एक्स्चेंज:
एक लोखंडी कपाट, माझ्याहून चार वर्षांनी मोठं.
कच्च्या कॉफीला कॉफीचा वास नसतो, हे तिथे कळलं.
वास येतो वाळल्या गवताचा, ओल्या गोणपाटाचा.

मी नेलेला डबा बुटांच्या खोक्याएवढा.
त्याला माणसाचं बोलणं कळतं, असं माहितीपत्रकात होतं.
नाव सांगा, तो जोडून देईल.
निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, चार जोड्या वायरींच्या
खटाखट ठोकून बसवल्या आणि वाटलं,
जेवणाआधी मोकळा होईन.

पहिला फोन. डब्याने नाव बरोबर ओळखलं,
"जोडून देतो" म्हणाला,
आणि तोडून टाकला.
दुसराही. असे बारा.

नेरीना बाबिच. एकतीस वर्षं स्विचबोर्डवर,
शुक्रवारी निवृत्त व्हायची होती.
जिन्यावरूनच वाकून म्हणाली,
"किती वेळ सोडतो हा लाइन?"
सेकंदभर.
"फार झालं. आमच्या कपाटाला वाटतं, माणूस गेला.
अर्धा सेकंद सोडायचं. बोट टेकवून उचलल्यासारखं.
सोडल्यावाचून जोडता येत नाही,
पण सोडलंय असं वाटू द्यायचं नाही."

मी हजाराचे पाचशे केले.
जुळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बोलतच होता.
रात्री कोणीतरी फोन ठेवून दिला होता
आणि ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
डायल टोनला विचारत होता, कृपया नाव सांगा,
नऊ तास, त्याच अदबीने.
मला हसू आलं.
नेरीनाने आधी त्याची लाइन मोकळी केली,
मग अंगातला कोट काढला.

मग यादी. चव्वेचाळीस नंबर.
"दोनशे चौदाला दोन नावं टाक."
दारावर पाटी बेविलाक्वा. पण कार्स्टच्या पठारावरून
फोन करणारे म्हातारे वोदोपिवेत्सच मागतात.
आजोबांच्या वेळी सरकारने एका कागदावर बदललं होतं.
अर्थ दोन्हींचा एकच: पाणी पिणारा.
आणि तो पितो काय?
"ते यादीत नको."

कोणाला सात चुकीचे उच्चार, कोणाला नऊ.
मालकांना एकच.
त्यांचं नाव चुकवायची कोणाची छाती नव्हती.

"आणि कोणी बोललंच नाही तर?"
चार सेकंद थांबतो, परत विचारतो, मग बंद करतो.
तिने पेन्सिल खाली ठेवली.
"गुरुवारी एक बाई करते, दहाच्या सुमाराला.
आधी श्वास घेते. बोरा सुटला असेल तर उठून खिडकी लावते.
मग नाव सांगते. तो माणूस इथे नाही, अठ्ठ्याण्णवपासून."
मग तुम्ही काय करता?
"गोदामाला जोडते. तुल्यो असतो तिथे.
पोती काट्यावर चढवता चढवता बोलतो तिच्याशी,
कुठलं जहाज लागलं, किती गोण्या भिजल्या."
तिला तेच हवं असतं?
नेरीनाने खांदे उडवले.
"मी कधी ऐकलं नाही. जोडून झालं की मी बाजूला होते."

डब्याची कमाल मर्यादा दहा सेकंदांची होती.
फाइल उघडून मी ती ओळ खोडली, पंधरा लिहिले.
नाव त्या माणसाचं टाकलं, नंबर गोदामाचा.

पुढल्या गुरुवारी तिची खुर्ची भिंतीला लावलेली.
नोंद मी दुपारी वाचली:
दहा वाजून सात मिनिटं. शांतता, अकरा सेकंद.
मध्ये एक आवाज, अर्थ लागला नाही.
मग नाव. खात्री, शंभरात एकसष्ट.
लाइन सोडली, अर्धा सेकंद.
गोदामाने उचलली.

किती वेळ बोलले ते डब्याला कळत नाही.
जोडून झालं की तोही बाजूला होतो.

बिलात मी लिहिलं: वायरी, चार जोड्या. डबा, एक.
नावांची यादी, एक.
तिच्यापुढे रक्कम घालायची राहून गेली.