बद्द

फोन्सावानच्या बाजारात चोंगनेंगने
मोजून दिली एकवीस नाणी.
फ्रेंचांच्या काळातली, म्हणाला. शपथ घेतली नाही,
मीही मागितली नाही. तराजू पिशवीतच राहिला.
भाऊ लागतो तो माझा, एकाच कुळातला.

चार रात्री लाल दोऱ्याने
पाकूच्या पट्ट्यावर शिवत बसले.

नव्या वर्षाच्या मैदानात
ती चेंडू झेलायला उडाली तेव्हा
अठरा नाणी खणखणली,
तीन बद्द वाजली.
समोरच्या पोराने काहीच ऐकलं नाही. चेंडू परत आला.

रात्री दिव्यापाशी धरून पाहिली.
बसलेल्या बाईच्या डोक्यावरचे किरण पुसट,
कडेचे दाते कुठे दाट, कुठे गिळलेले,
१९०८ मधल्या नवाचं पोट सुटलेलं.
दगडावर घासलं तर तांबूस हसलं.
आपलंच नाणं. बोल कुणाला लावायचा?

चोंगनेंग माझ्या बापाच्या मयताला
पावसातून डुक्कर हाकत आला होता,
दोन डोंगर ओलांडून.
ते डुक्कर खरं होतं.

तिन्ही उसवली. जागा
पडलेल्या दातांसारख्या दिसायला लागल्या.
मग पुन्हा शिवली, पाठीमागे,
लांब लांब,
जिथे कशावरच आपटणार नाहीत.