कडी

पडलेल्यांच्या वहीत रकाने चार:
कोण, कधी, कुठे, लागलं किती.
मगदूमबाई तिसऱ्यांदा घसरल्या,
तेव्हा न्हाणीची आतली कडी काढली.
चार स्क्रू. पाच मिनिटांचं काम.

आष्ट्याच्या शाळेत एकोणतीस वर्षं
'दार वाजवून आत या' शिकवणाऱ्या बाई
आता गाऊन सावरत विचारतात,
"कोण आहे गं बाहेर?"

मीच. रात्रपाळीची.
दाराला पाठ लावून बसते,
मिरजेकडं जाणारी मालगाडी ऐकते,
मधूनमधून खोकते,
म्हणजे त्यांना कळावं
दार लागलेलं आहे.

सकाळी वहीत लिहिलं: कोणी पडलं नाही.
बाईंनी मला पाचपैकी चार मार्क दिले.
एक कापला,
खोकला खोटा होता म्हणून.